दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

फोन आला तेव्हा कृष्णकांत हेडाऊ स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते आणि लतिकाबाई खाली स्टूल धरून, कुठं कुठं राहिलं ते दाखवत होत्या. खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढलेला हा माणूस. मानकापूरला स्वतःचं घर बांधलं, दोन मुली उजवल्या, पण पंखा आतून बाहेर पुसायचा की बाहेरून आत, हे काही त्याला अजून कळलं नाही, असं लतिकाबाईंचं मत होतं. एका हातात फडकं असल्यामुळं कृष्णकांतरावांनी फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे उन्मेष नावाचा कोणी होता. राहणार धरमपेठ, आणि काम म्हणजे लोक विसरून गेलेलं संगीत हुडकून त्यावर इंटरनेटवर लांबलचक लिहिणं. वीज केंद्राच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरून त्यानं नंबर मिळवला होता. 'आंबिया बहार' ही कॅसेट काढणारे कृष्णकांत हेडाऊ आपणच का, असं त्यानं अदबीनं विचारलं. कृष्णकांतरावांनी पंख्याचं पातं घट्ट धरलं. अडतीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आता ही कॅसेट काय होती ते सांगायला हवं, कारण तुम्ही ती ऐकली असण्याचा प्रश्नच नाही. १९८७ साली कृष्णकांतराव, बॉयलरवरचे बाबनराव पराते आणि एक अकॉर्डियनवाला, अशा तिघांनी 'थर्मल ब्रदर्स' नावाचा बँड काढला. भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, दंडार या लोकनाट्याच्या चाली घ्यायच्या आणि त्यांना इलेक्ट्रिक गिटार जोडायची, अशी कल्पना. याला फोक-रॉक म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते याला 'आपलंच, पण जोरात' म्हणायचे. कॉलनीच्या क्लबात रेकॉर्डिंग झालं. वीज केंद्राच्या कॉलनीत रेकॉर्डिंग, आणि त्यात दोनदा लाइन गेली. तरी कॅसेट निघाली. नाव संत्र्याच्या बहराचं, म्हणून कव्हरवर संत्र्याच्या बागेत बेलबॉटम घालून उभे असलेले कृष्णकांतराव होते. बेलबॉटमची फॅशन जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण ती खबर खापरखेड्याला पोचायची होती.

तीनशे कॅसेटी काढल्या. गाणी कोणाला आवडली नाहीत, पण फीत फार चांगली निघाली आणि घात झाला तो तिथंच. तयार कॅसेटीच्या कडेला दोन भोकं असतात. त्यांत कागदाचा बोळा कोंबला की तिच्यावर हवं ते भरता येतं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोणी 'आंबिया बहार'वर मुलाचं बारसं भरलं, कोणी क्रिकेटची कॉमेंट्री. एका साहेबानं घरच्या पोपटाचं बोलणं भरलं आणि वरून कृष्णकांतरावांना बोलावून ऐकवलं. कॅसेट एक नंबर आहे बुवा तुमची, असं सगळे सांगत. गाण्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. घरातली शेवटची प्रतही कॉलनीतलं क्वार्टर बदलताना कुठंतरी गहाळ झाली, असं लतिकाबाईंनी सांगितलं होतं. अकॉर्डियनवाला बदली होऊन चंद्रपूरला गेला तो गेलाच. कृष्णकांतरावांनी गिटार माळ्यावर टाकली. मात्र मनात एक इच्छा राहून गेली. डोळे मिटायच्या आत कोणीतरी एका शहाण्या माणसानं ती आठही गाणी ओळीनं ऐकावी आणि 'चांगली आहेत' म्हणावं. त्यांना बाकी काही नको होतं.

आणि आता तो शहाणा माणूस फोनवर होता. नरखेडच्या एका भंगारवाल्याकडे त्याला ही कॅसेट सापडली होती. आपण ती सहा वेळा ऐकली, असं तो म्हणाला. कृष्णकांतरावांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"आणि सर, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं," उन्मेषचा आवाज एकदम खाली आला. "एक कडवं होतं, आणि गाणं तोडून एकदम बाईचा आवाज येतो. ती बोलत राहते, बोलतच राहते. सत्त्याऐंशी अठ्ठ्याऐंशीच्या आसपास असं कोणी जगात करत नव्हतं हो. ही कल्पना कोणाची?"

थर्मल ब्रदर्समध्ये बाई नव्हती. आपल्या कॅसेटीत बाई कुठून आली, हे कृष्णकांतरावांना कळेना. पण अडतीस वर्षांनी पहिल्यांदा कौतुक होऊन राहिलं आहे म्हटल्यावर माणूस उलटतपासणी करत नाही. इतक्या वर्षांत विसरलोही असू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"माझीच," ते म्हणाले.

स्टूल जरा हललं. खाली पाहिलं तर लतिकाबाई स्टूल सोडून स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या.

रविवारी लेख आला. 'खापरखेड्याचा विसरलेला चमत्कार' असं त्याचं नाव. पहिल्या चार गाण्यांवर चार ओळी होत्या. 'प्रामाणिक', 'कच्चं पण जिवंत' वगैरे. उरलेला सगळा लेख त्या बाईवर. 'घरात एक माणूस आहे आणि एक गिटार आहे, आणि दोघांतलं एकही कामाचं नाही, हे वाक्य मराठी संगीतात आजवर कोणी उच्चारायला धजलं नव्हतं,' असं उन्मेषनं लिहिलं होतं. मधूनमधून ऐकू येणाऱ्या तीन शिट्ट्या म्हणजे वीज केंद्राचा भोंगा, कामगाराच्या चिरडलेल्या वेळेचं प्रतीक. चौथी शिट्टी वाजतच नाही, ती ऐकणाऱ्यानं आपल्या मनात वाजवायची. आणि गुलाबी बनियनचा उल्लेख हे तर मर्दानगीच्या कल्पनेवरचं भेदक भाष्य. शेवटी कंसात दिलं होतं, 'ही संपूर्ण संकल्पना आपलीच असल्याचं संगीतकारानं प्रस्तुत लेखकाला स्वतः सांगितलं.'

गुलाबी बनियनचं वाक्य कृष्णकांतरावांनी पुन्हा वाचलं. गुलाबी बनियन त्यांनी घातले होते. एकोणनव्वद सालच्या दिवाळीनंतर, चांगले पंधरा दिवस.

लेखाखाली सगळी कॅसेट ऐकायची सोय होती. त्यांनी मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवला, लतिकाबाईंना हाक मारून समोर बसवलं आणि दुसरी बाजू लावली. तिसरं गाणं आलं. गिटार, बाबनरावांचा ढोल, कृष्णकांतरावांचा कोवळा आवाज, एक कडवं. मग खट् असा आवाज आला.

"पुष्पे, ऐकून राह्यली का वं? लाल लाइट लागला आहे, म्हंजे भरून राह्यलं असंन. हे पाय, या घरात एक मानूस आहे अन् एक गिटार आहे, अन् दोघातलं एकही कामाचं नाही. काल म्हटलं, दळन आना. तं गेले, अन् चक्कीवाल्याले गानं शिकवून रिकाम्या हातानं वापस आले. दळन तिथंच." इथं कुकरची शिट्टी. "थांब, दोन झाल्या का तीन? यायच्या गान्यापायी मले शिट्ट्या मोजता येत नाही. वरन एक तं कच्चं, नाही तं गाळ. अन् तुह्या घरच्यानं दिवाळीले देल्ली ते साडी. पयल्याच धुन्यात असा रंग सोडला का यायचे सारे बनियन गुलाबी झाले. हे तसेच ड्युटीवर गेले."

असं अकरा मिनिटं चाललं होतं. कृष्णकांतराव ऐकत होते आणि लतिकाबाई गहू निवडत होत्या. ताटात एकही खडा नव्हता, तरी त्या निवडत होत्या.

हे काय आहे, असं कृष्णकांतरावांनी विचारलं. लतिकाबाईंनी मग सगळं सांगितलं, आणि सांगताना जराही ओशाळल्या नाहीत. पुष्पलता म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दिली होती नरखेड तालुक्यात, जलालखेड्याला. तिच्या घरी फोन नव्हता. पत्र टाकलं तर तिचे यजमान महादेवराव आधी फोडून वाचायचे. मग बहिणीबहिणींनी मन मोकळं करायचं कुठं? म्हणून बोलणं भरून ती कॅसेटच त्यांनी पुष्पलताकडे पाठवली होती, गहाळबिहाळ काही झाली नव्हती.

"म्हनून माह्या गान्यावर?" कृष्णकांतराव म्हणाले. "काहून वं? दुसरी कॅसेट नव्हती का घरात?"

"होत्या ना. पन त्या महादेवरावांनी ऐकल्या असत्या," लतिकाबाई म्हणाल्या. "तुमची कॅसेट लावली का ते पयल्या गान्याले उठून दुकानात जात. दुसऱ्या बाजूपर्यंत तं कोनीच जात नव्हतं. मी म्हटलं, बँकेच्या लॉकरपेक्षा हे बरं."

कृष्णकांतरावांना फार वाईट वाटलं. रागही आला. खरं काय ते उन्मेषला ताबडतोब सांगून टाकावं म्हणून त्यांनी फोन उचलला. तेवढ्यात तोच वाजायला लागला. जुने सहकारी, मुली, जावई, पोपटवाला साहेब, एकामागून एक. पोपटवाल्या साहेबानं तर गळा काढला. म्हणाला, इतकी मोठी चीज मी पुसली हो, मला माफ करा. अशा वेळी माणूस खरं काय सांगणार? उद्या सांगू म्हणाले. उद्याचं परवावर गेलं. परवा बाबनरावच घरी आले.

बाबनरावांनी लेख नातवाकडून वाचून घेतला होता आणि त्यांच्या ढोलाला 'बॉयलरच्या हृदयाची धडधड' म्हटल्यामुळं ते हवेत होते. पण माणूस सरळ. "कृष्णा, आपन बाई कवा भरली गा?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. कृष्णकांतरावांनी त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. बाबनराव म्हणाले की खरं सांगितलं तर धडधडही जाईल, तेव्हा राहू दे. अशा रीतीनं कटात दोन माणसं झाली.

त्या आठवड्यात उन्मेषनं पुढची बातमी दिली. धरमपेठेतल्या एका सभागृहात 'आंबिया बहार'चा जाहीर प्रयोग आणि थर्मल ब्रदर्सचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. फक्त एक होतं, की लोक येणार ते तिसऱ्या गाण्यासाठी. तेव्हा त्या ताई कोण, कुठं असतात, हयात आहेत ना?

"आहेत," कृष्णकांतराव म्हणाले. "घरच्याच आहेत."

लतिकाबाईंनी साफ नाही म्हटलं. बहिणीजवळ केलेलं बोलणं चारशे लोकांसमोर करायला मी काय वेडी आहे का, असा त्यांचा सवाल होता. मग कृष्णकांतरावांनी मनधरणी सुरू केली. सकाळी चहा करून देऊ लागले. न सांगता दळण आणलं. भाजी आणली, तीही न सडलेली. ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर गेला. बाराव्या दिवशी लतिकाबाई हो म्हणाल्या आणि नवीनच पंचाईत उभी राहिली.

तालमीला त्यांना रागच येईना. अकरा मिनिटांचं बोलणं कृष्णकांतरावांनी कागदावर उतरवून दिलं होतं. लतिकाबाई ते चष्मा लावून वाचायच्या, शाळेत धडा वाचतात तसं. "या घरात. एक माणूस आहे. अन्. एक गिटार आहे." बाबनराव ढोल वाजवायचे थांबून जांभई द्यायचे. इतकी वर्षं न थांबता कुरकुरणारी बाई, आणि ऐन वेळी हिच्याजवळ तक्रारच नाही. बारा दिवस नवरा शहाण्यासारखा वागत होता ना, मग तक्रार येणार कुठून?

बाबनराव म्हणाले, तिले चिडव गा. कृष्णकांतरावांनी मनापासून प्रयत्न केला. टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला. चपला घालून स्वयंपाकघरात गेले. वरणात मीठ जास्त आहे म्हणाले. लतिकाबाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "मुद्दाम करून राह्यले तुमी. तसं नाही जमत. तुमाले कळत नाही तेवा येते राग." हे खरंच होतं, म्हणून कृष्णकांतरावांनी टॉवेल उचलून परत दोरीवर टाकला.

अशातच एका दुपारी जलालखेड्याहून एस.टी.नं महादेवराव येऊन थडकले. हेच ते पुष्पलताबाईंचे यजमान, जलालखेड्यात साड्यांचं दुकान चालवणारे. गावातल्या पोरांनी लेख वाचला होता, रेकॉर्डिंग ऐकलं होतं, आणि आता दुकानात शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी गुलाबी बनियन आहे का म्हणून विचारत होतं. महादेवरावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून एक राणी रंगाची साडी काढली आणि बादली मागितली.

"साडभाऊ, राहू द्या ना," कृष्णकांतराव म्हणाले.

"राहू देनार नाही," महादेवराव म्हणाले. "माह्या दुकानाच्या इज्जतीचा सवाल आहे."

आणि धोतराचा काचा मारून त्या गृहस्थानं हेडाऊंच्या मोरीत बसून स्वतः साडी धुतली. दोनदा. पाणी निर्मळ राहिलं. त्यांनी बादली उचलून दिवाणखान्यात आणली आणि सगळ्यांना आत डोकावायला लावलं. लतिकाबाई म्हणाल्या, हिचा रंग नाही जात, पण तिचा गेला होता. झालं. दोघं तासभर भांडले. शेवटी महादेवरावांनी जाहीर केलं की कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसतील आणि साडीचा विषय निघाला तर तिथल्या तिथं खुलासा करतील.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. दाढीवाली तरुण मुलं, खादीचे झोळे, निवृत्त कर्मचाऱ्यांची पूर्ण बस. कृष्णकांतरावांनी माळ्यावरची गिटार पुसून आणली होती. पहिली सहा गाणी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बसस्टॉपवर दुसरीच गाडी आल्यावर लोक जसे पाहतात, तसे सगळे पाहत होते. त्यांना दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं हवं होतं.

उन्मेष माइकवर आला. गळ्यात मफलर, आवाजात भक्ती. "स्त्रीच्या मनाचा तळ गाठणारे हे शब्द लिहिणारे प्रतिभावंत म्हणजे कृष्णकांत हेडाऊ," तो म्हणाला. "आणि ते आज सादर करत आहेत त्यांच्या पत्नी, लतिकाताई. संगीताशी तसा काही संबंध नसलेली एक साधी गृहिणी असूनही केवळ पतीच्या शब्दांखातर त्या इथं उभ्या आहेत."

कृष्णकांतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की राग आला. अस्सल आला.

लतिकाबाईंनी चष्मा काढला. कागदाची चार घड्यांची घडी केली आणि ती कमरेला खोचली.

"पुष्पे, तू इथं नाही, पन ऐक," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षांमागं मी तुह्यापाशी बोलली होती, आठवते? आता लोकं म्हनते, ते यायनं लिहिलं. यायनं! यायनं आजपर्यंत काय लिहिलं? किरान्याची यादी मी सांगते तेवा लिहितात, अन् त्यातही हिंग विसरतात. माह्या मनाचा तळ म्हने यायनं गाठला. घरातल्या रांजनाचा तळ यायले गाठता येत नाही, मले वाकावं लागते."

सभागृह हसून लोटपोट झालं. बाबनरावांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी प्रत्येक तक्रारीनंतर ढोलावर एक थाप द्यायला सुरुवात केली. दळण, थाप. हिंग, थाप. ओला टॉवेल, थाप थाप. लतिकाबाईंना लय सापडली आणि त्या बारा दिवसांचा सगळा साठा बाहेर आला. तुम्ही चांगले वागता तेव्हाच मले भेव वाटते, असंही त्या म्हणाल्या. साडीचा विषय निघाला, तसे पहिल्या रांगेत महादेवराव उभे राहिले आणि पिशवीतून राणी रंगाची साडी काढून फडकवत म्हणाले की बंधुभगिनींनो, रंग पक्का आहे. हेही नाटकात आहे असं समजून लोकांनी त्यांना सगळ्यात मोठी टाळी दिली. महादेवराव हात जोडून दोनदा वाकले आणि समाधानानं खाली बसले.

उन्मेषचा चेहरा मात्र पडला होता. त्यानं हळूच विचारलं, "सर, हे नेमकं काय आहे?"

कृष्णकांतराव माइकजवळ गेले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटत होतं. ते म्हणाले, "ही बाई खरं बोलून राहिली आहे. तो आवाज तिचा, शब्द तिचे, कल्पनाही तिचीच. मी खोटं बोललो. अडतीस वर्षांनी कोणी चांगलं म्हटलं, तर मला नाही म्हणवलं नाही. माझं जे काही होतं ते त्या आवाजाच्या खाली पुसलं गेलं."

मागून एक मुलगी म्हणाली की मग काका, ते पुसलेलं गाणंच म्हणा ना. दुसऱ्यांनीही री ओढली. कृष्णकांतरावांचं तोंड उजळलं. हीच तर त्यांची इच्छा होती. त्यांनी गिटार सावरली, तार छेडली, तोंड उघडलं आणि पहिल्या कडव्याच्या पुढं त्यांना काही आठवेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. स्वतःचं गाणं स्वतःच विसरला हा माणूस, आणि ते दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"तीन कडवी होती, एवढं आठवते," ते कसेबसे म्हणाले.

"चार होती," लतिकाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज काही गोड नव्हता. पण दुसरं कडवं आलं, तिसरं आलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग चौथं:

"लाइन आली, लाइन गेली,
मोटर माही घुर्रकन् मेली,
तुह्या आठोनीच्या पाटात, रानी,
ओल तरी कशी राह्यली."

कृष्णकांतराव बायकोकडे बघतच राहिले. गिटार वाजवायचंही त्यांना सुचेना. बाबनरावांनी मागून ढुशी दिली तेव्हा कुठं त्यांची बोटं हलली. गाणं संपल्यावर त्यांनी तिला माइक चालू असतानाच विचारलं, हे तुला कसं काय पाठ? लतिकाबाई म्हणाल्या, रोज फोडणी देताना कानात ओतत होते, इच्छा नसली तरी पाठ होते. टाळ्या वाजल्या, शाल आली, श्रीफळ आलं, मानपत्रावरच्या नावात पेनानं दुरुस्ती झाली. घरी जाताना रिक्षात कृष्णकांतरावांचे डोळे भरून आले होते आणि लतिकाबाईंनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेषचा नवा लेख आला. त्यात त्यानं आपली चूक मोकळ्या मनानं कबूल केली होती. लतिकाताईंना 'विदर्भाचा सर्वांत महत्त्वाचा उपेक्षित आवाज' म्हटलं होतं. महादेवरावांच्या साडीवरही एक परिच्छेद होता. आणि शेवटी तो लिहीत होता, 'पुसलं गेलेलं मूळ गाणं काल प्रथमच ऐकायला मिळालं. ते बाळबोध आहे. ते ऐकल्यावर खात्री पटते की त्यावर दुसरं काही भरणारा हात हाच या अल्बमचा खरा संपादक होता.'

कृष्णकांतरावांनी हे मोठ्यानं वाचलं, मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाले की बरोबर आहे, शहाणा मुलगा आहे. मग ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

लतिकाबाईंनी लेख पुन्हा स्वतः वाचला. शेवटचा भाग दोनदा वाचला. मग त्यांनी उन्मेषला फोन लावला.

"बाळबोध म्हंजे काय रे?" त्या म्हणाल्या. "तुले काय समजते? संत्र्याच्या बागेत जाऊन ओलित केलं कधी? हा मानूस दिवसभर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजे, अन् संध्याकाळी येऊन असं गानं लिहे. चौथ्या कडव्यातली ओल तुले दिसली नाही? चष्मा बदल. यायच्या गान्याले नाव ठेवाचं तं मी ठेवीन, छत्तीस वर्षांपासून ठेवून राह्यली आहे, तू कोन?"

पलीकडून उन्मेष काहीतरी पुटपुटला. लतिकाबाईंनी त्याला बोलू दिलं नाही. पहिल्या गाण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती, आणि प्रत्येक गाण्यात काय चांगलं आहे ते त्या पोराला बजावून सांगत होत्या. एकदा श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा उन्मेषचा घाबरलेला आवाज आला, "काकू, हे रेकॉर्ड केलं तर चालेल का?"

कृष्णकांतराव खिडकीपासून मागं वळले. अडतीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून फोनवर भांडत होतं, आणि अजून दुसऱ्याच गाण्यावर होतं. त्यांनी आवाज न करता एक खुर्ची आणली आणि बायकोच्या मागं ठेवली, कारण सहा गाणी अजून बाकी होती.